पिवळ्या तांदळांचं आमंत्रण

लोकांना नाटकाला कसं बोलवावं, याबद्दल मला कोणी सल्ला विचारू नये. विचारला तर मी देतो, तो भाग वेगळा. पण सत्तावन्न साली वसंत पंचमीला भर दुपारी मी पाचशे माणसं उपाशीपोटी नाटकाला आणून बसवली, आणि उज्जैनातल्या काही घरांत अजूनही माझं नाव 'बिना जीमण के ब्याववाले बाबूजी', म्हणजे जेवणाशिवायच्या लग्नाचे बाबूजी, असं घेतलं जातं. तेव्हा काय झालं ते एकदा माझ्याच तोंडून ऐका आणि दोष कुणाचा ते तुम्हीच ठरवा. माझा नव्हता, एवढं आधीच सांगून ठेवतो.

आमचं एक मराठी नाट्य मंडळ होतं. दर वसंत पंचमीला फ्रीगंजातल्या एका सरकारी हॉलमध्ये एक नाटक करायचं आणि उरलेलं वर्ष त्या नाटकावरून एकमेकांशी भांडायचं, असं त्याचं कार्य. मी त्याचा चिटणीस. तहसील कचेरीत नकला विभागात बाबू होतो, पण ते पोटापुरतं. मूळचा मी नाटककार. त्या वर्षीचं नाटक माझंच होतं, 'मांडवातले अश्रू', तीन अंकी, सामाजिक. तिसऱ्या अंकात ऐन अंतरपाटाच्या वेळी वरबाप हुंड्यासाठी अडून बसतो, वरात परत फिरते, आणि मांडवात एकटी राहिलेली वधू समाजाला उद्देशून दीड पानाचं स्वगत म्हणते. पडदा. ते स्वगत लिहिताना मी दोनदा रडलो होतो. सुनंदेनं, म्हणजे बायकोनं, आत येऊन विचारलं होतं की चहा आणू का सर्दीचा काढा.

वधूचं काम माझी धाकटी बहीण जयू करणार होती. ती मुलींच्या शाळेत शिकवायची. त्याआधी मंडळातल्या सगळ्या वधू पोस्टातले गोडबोले करायचे, मिशी काढून. या वर्षी गोडबोल्यांना बढती देऊन वर केलं होतं. वरबाप स्वतः भय्यासाहेब, आमचे अध्यक्ष. त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या दरबारी फडावर कारकून होते. भय्यासाहेब जिल्हा बोर्डात होते, पण चालायचे अजून दरबारातल्यासारखे. बाईमाणूस स्टेजवर उभी करायला ते एका अटीवर तयार झाले होते. समोर आपलीच माणसं पाहिजेत. 'आपला कार्यक्रम, आपल्या लोकांसाठी,' असं ते दर बैठकीत म्हणायचे आणि आम्ही माना डोलवायचो.

आपली माणसं होती किती? आदल्या वर्षी एक्केचाळीस. त्यातली अकरा नटांच्या नात्यातली, सहा कार्यकारिणीतली, आणि दोन आजोबा घरी सुनेशी पटत नाही म्हणून कुठेही येऊन बसणारे. राहिलेल्यांना रसिक म्हणायला हरकत नव्हती, जरी त्यातले निम्मे दुसऱ्या अंकात घोरायचे.

संस्थानी काळात हे चालून गेलं. भय्यासाहेबांच्या वडिलांची चिठ्ठी गेली की हॉल उघडायचा. आता राज्य लोकांचं झालं होतं, त्यामुळे अर्ज करावा लागायचा. आम्ही छप्पन सालच्या मे महिन्यात अर्ज केला. तेव्हा मध्यभारत होता आणि त्याची उन्हाळ्याची राजधानी इंदूर होती, म्हणून अर्ज इंदूरला. तो टेबलावर पोचेपर्यंत दफ्तरं बांधून ग्वाल्हेरला निघाली होती, कारण हिवाळ्याची राजधानी तिकडे. ग्वाल्हेरला दफ्तरं सुटतात न सुटतात तो एक नोव्हेंबर उजाडला, मध्यभारत गेला, मध्यप्रदेश झाला आणि राजधानी भोपाळ. आमचा अर्ज तीन राजधान्या हिंडून आला. मंडळातल्या कोणी आयुष्यात एवढा प्रवास केला नव्हता.

जानेवारीच्या मध्यावर उत्तर आलं. हॉल फक्त सार्वजनिक कार्यक्रमाला मिळेल. सार्वजनिक म्हणजे सर्वसाधारण जनतेपैकी किमान दोनशे प्रेक्षक. संस्कृतीच्या कामावर नवे आलेले सक्सेनासाहेब स्वतः हजर राहून खात्री करतील. खात्री न पटल्यास मार्चपासून हॉलमध्ये सरकारी गहू ठेवण्यात येईल.

मी कचेरीतला माणूस, म्हणून मधल्या वाटेनं जायला सक्सेनांना भेटलो. बिचारा सज्जन माणूस. त्यानं मला खुर्ची दिली, पान दिलं आणि सांगितलं की गहूसुद्धा जनतेचाच आहे. मी पान खाऊन उठलो. घरी येताना मी हिशेब केला. हॉल गेला की मंडळ गेलं, आणि मंडळ गेलं की मी कोण? नकला विभागातला बाबू. एवढंच मागे राहणार होतं, आणि ते मला सहन होत नव्हतं. खरं सांगतो, त्या रात्री जेवण गेलं नाही.

बैठक बोलावली. भय्यासाहेब म्हणाले, "विनायकराव, तुम्ही फालतूमध्ये परेशान होऊन राहिले. देवासहून आपली माणसं बोलवा, इंदूरहून बोलवा." पत्रं टाकली. देवासच्या मंडळाचं उलटटपाली उत्तर आलं की त्यांचंही त्याच दिवशी नाटक आहे, त्यांनाही माणसं कमी पडताहेत, तरी आम्हीच तीस-चाळीस जण पाठवावेत. इंदूरकरांनी उत्तर दिलं नाही. ते कधीच देत नाहीत.

मग मी मनाशी ठरवलं की मोहल्ल्यातली माणसं आणायची. उज्जैनचीच. मालवी, हिंदी बोलणारी, जी येतील ती. भय्यासाहेबांना हे सांगितलं नाही. अध्यक्षांना सगळंच सांगायचं नसतं. पत्रकं छापली, हिंदीतून, प्रवेश मोफत. पण दिवस निवडणुकीचे. ज्याच्या हातात पत्रक द्यावं तो वाचायच्या आधीच विचारायचा की निशाण कोणतं आहे. भोंगा बांधून टांगा फिरवला. तो टांगेवाला सकाळी एका उमेदवाराकडे होता. आमची घोषणा त्यानं देवास गेटपर्यंत नीट केली, आणि तिथून पुढे जिभेच्या सवयीनं मला बहुमताने विजयी करा असं ओरडत गेला. संध्याकाळी चार माणसं घरी आली आणि आमच्या गल्लीतल्या नळाचं काय करणार ते विचारू लागली. सुनंदेनं त्यांना चहा दिला आणि नळाचं आश्वासनही देऊन टाकलं. सांगलीची आहे ती, घाबरत नाही कोणाला.

शेवटी मी गेंदालालजींकडे गेलो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं मिठाई-नमकीनचं दुकान. भली मोठी पगडी, तेवढंच मोठं पोट, आणि माच म्हटलं की जीव टाकणारा माणूस. माच म्हणजे मालव्यातलं गाण्या-नाचाचं नाटक. चौकात उंच मंच बांधून करतात आणि त्याला अख्खा गाव लोटतो. मी त्यांना सरळ विचारलं, तुमच्या माचाला हजार माणूस येतो, आमच्या नाटकाला एक का येत नाही? तुमच्या लोकांना आमच्या कलेचं वावडं आहे का? माझा आवाज जरा चढलाच होता.

गेंदालालजी सेव तळत होते. झाऱ्या बाजूला ठेवून म्हणाले, "बाबूजी, बीस बरस से म्हारी दुकान के सामने से तबला-पेटी जाय. पण म्हाने बुलायो कणी ने? परचो तो साबण वालो बी बांटे."

वीस वर्षांत आम्हाला बोलावलं कोणी, असं तो माणूस विचारत होता. पत्रकं काय, साबणवालाही वाटतो. मी पावशेर सेव घेऊन घरी आलो.

आमच्या वरच्या मजल्यावर अक्का राहायच्या. सत्तरी ओलांडलेली बाई, पाच पिढ्यांची उज्जैनकर, सगळ्या रीतिभातींवर त्यांचा शब्द शेवटचा. त्यांना विचारलं, इथल्या माणसाला रीतसर बोलवायचं कसं? अक्का म्हणाल्या, "त्यात काय विचारून राहिला? पिवळे तांदूळ द्यायचे दारोदार. पिवळे तांदूळ गेले की मालवी माणूस आलाच समज. ताप असला तरी येतो."

मला ते एकदम पटलं. अक्षत ही काय आपल्यालाही नवी नाही. अक्षत म्हणजे मान. मान द्यायचा, माणूस आपला करायचा. एवढी साधी गोष्ट वीस वर्षं कुणाला सुचली नाही याचं मला आश्चर्य वाटलं आणि ती मला सुचली याचं वाटलं नाही. सुनंदेनं पाच शेर तांदूळ हळद-कुंकवात घोळले. ती एवढंच म्हणाली की आमच्याकडे अक्षत लग्नाला देतात, नाटकाला दिलेली ऐकली नाही. मी तिला म्हटलं की सांगली वेगळी, उज्जैन वेगळं. हे वाक्य तिनं पुढे दहा वर्षं मला परत परत ऐकवलं.

चार दिवस मी, सुनंदा आणि जयू घरोघर हिंडलो. दारात उभं राहायचं, नमस्कार करायचा, उंबऱ्यावर मूठभर पिवळे तांदूळ ठेवायचे आणि सांगायचं की वसंत पंचमीला दुपारी तीन वाजता फ्रीगंजच्या हॉलमध्ये सगळ्यांनी यायचं. काय तो आदर. पत्रक चुरगाळून टाकणारी माणसं तांदूळ कपाळाला लावत होती. एका घरच्या आजींनी जयूकडे बघत विचारलं, लडकी यही है ना? मला वाटलं, आजींना वधूचं काम कोण करतंय तेही कळलंय. मी अभिमानानं सांगितलं, हो, हीच, पहिलीच वेळ आहे म्हणून जरा घाबरली आहे. त्या म्हणाल्या, पहिल्या वेळी सगळ्याच घाबरतात. पुढे विचारलं, लडका? मी म्हटलं, पोस्टात आहे. सरकारी नोकरी आहे हे ऐकून त्यांना फार समाधान झालं. मी त्यांना हेही सांगितलं की गोडबोल्यांना याचा मोठा अनुभव आहे. त्यावर त्यांनी जयूच्या डोक्यावरून हात फिरवला.

वसंत पंचमीला तीनला नाटक, तर दोनलाच लोक यायला लागले. मी दारात उभा. टांगे येताहेत, बैलगाड्या येताहेत, बायका चुनऱ्या नेसून गाणी म्हणत येताहेत. हॉल तीनशेचा. अडीचला भरला. मग लोक मधल्या वाटेत बसले, खिडक्यांत बसले, व्हरांड्यात बसले. माझा ऊर असा भरून आला की मी समोरून येणाऱ्या एका अनोळखी गृहस्थांना मिठी मारली. त्यांच्या हातात पितळी परात होती. मागच्या बाईच्या हातात साडी होती, त्यामागच्या बाईच्या हातात चांदीचे पैंजण. मला वाटलं, वसंत पंचमी आहे, खरेदी करून आले असतील.

एवढ्यात गेंदालालजी आले. नवी केशरी पगडी, कानात अत्तर, मागे घरची चौदा माणसं. माझे दोन्ही हात हातात घेऊन जयूला आशीर्वाद दिला आणि आस्थेनं विचारलं की पंगत कुठे बसणार आहे.

मी म्हटलं, कसली पंगत?

मग त्यांनी मला मालवी रीत समजावून सांगितली. एका माणसाच्या हातावर चार दाणे दिले तर एका माणसाला बोलावणं. उंबऱ्यावर मूठभर ठेवले तर तो चूल्हाबंद न्योता, म्हणजे त्या दिवशी त्या घरची चूल पेटवायची नाही, झाडून सगळ्यांनी यजमानाकडे जेवायचं. मी दीडशे उंबऱ्यांवर मूठमूठ ठेवली होती. उज्जैनातल्या दीडशे घरांत त्या दिवशी माझ्या भरवशावर चूल पेटली नव्हती. आणि वसंत पंचमीसारखा मुहूर्त, घरात उपवर बहीण, मुलगा पोस्टात. तेव्हा हे लग्न नाही अशी शंका येण्याचं कोणाला कारणच नव्हतं; गेंदालालजींना तर नाटक बहिणीच्या लग्नानिमित्तच आहे असं वाटलं होतं.

मी धावत अक्कांकडे गेलो. त्या पहिल्या रांगेत पदर सावरून बसल्या होत्या. त्यांना विचारलं, तुम्ही हे सांगितलं का नाही? अक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा मुंजीच्या वयाचा झालो. म्हणाल्या, "तू विचारलं, बोलवायचं कसं. जेवायला काय घालायचं ते कुठं विचारलं? मी तर सकाळपासून बाफल्यांची वाट बघून राहिले." बाफले म्हणजे कणकेचे तुपात बुडवलेले गोळे, मालव्यातल्या पंगतीचा मान.

रंगपटात गेलो तर भय्यासाहेब रेशमी फेट्यात, ओठांवर वरबापाच्या मिशा, पडद्याच्या फटीतून गर्दी बघत होते. आपल्या एक्केचाळीस लोकांना त्यात शोधत होते आणि ते सापडत नव्हते. मी सगळं कबूल केलं. त्यांनी पडद्याची फट मिटली. मग हळूच म्हणाले, "सक्सेना मोजून राहिलाय. मोजणं होऊ द्या. त्याच्या कागदावर आकडा पडला की मग सांगा लोकांना. हॉल तर वाचेल."

सल्ला वाईट नव्हता. सक्सेनासाहेब खरोखरच नोंदवही घेऊन रांगारांगांतून हिंडत होते. अर्धा तास गप्प बसलं की झालं. मी गप्प बसायचं ठरवलंही. पण फटीतून बाहेर बघितलं तर त्याच आजी समोर बसल्या होत्या, ज्यांनी लडकी यही है ना विचारलं होतं. सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नसावं, ओठ सुकले होते, पण चेहरा कसा प्रसन्न. ती बाई माझ्या शब्दावर उपाशी बसली होती. माझ्या नाटकात हुंडेबाज वरबाप लोकांना फसवतो म्हणून मी दीड पान लिहिलं होतं, आणि इथे मी स्वतः काय करत होतो? मला माझीच लाज वाटली. मी पडद्यासमोर जाऊन उभा राहिलो.

हात जोडले आणि माझ्या कचेरीच्या हिंदीत सांगितलं की इथे लग्न नाही, नाटक आहे. लग्न नाटकात आहे. जेवण मात्र नाटकातसुद्धा नाही. रीत ठाऊक नसताना तांदूळ दिले, चूक माझी, एकट्याची. मनापासून माफी मागतो. ज्यांना जायचं आहे त्यांनी सुखानं जावं, मी राग मानणार नाही. राग मानायचा अधिकार मला तेवढ्या वेळापुरता उरला नव्हता, तरी सांगितलं.

सक्सेनासाहेब मधल्या वाटेत उभे होते. त्यांनी पेनाला टोपण लावलं. मागे दोघं-तिघं उठले. मी डोळे मिटून घेतले आणि मला हॉलभर गव्हाची पोती दिसायला लागली.

तेव्हा गेंदालालजी उभे राहिले. माझ्याकडे बघितलंही नाही. लोकांकडे तोंड करून म्हणाले, "पीला चावल आया, तो हम आया. अबे बीच में उठां तो नाक म्हाकी कटे, बाबूजी की नी. बैठो सब."

मधेच उठलो तर नाक आपलं कापलं जाईल, बाबूजींचं नाही, असं त्यांचं म्हणणं. उठलेले बसले. गेंदालालजींनी चार माणसं दुकानावर पिटाळली. ती पाऊण तासात सेव-परमलचे डबे घेऊन आली, सेव आणि मुरमुरे, उज्जैनात हे दोन असले की माणूस उपाशी मरत नाही. ओंजळ ओंजळ सगळ्यांना वाटलं. सक्सेनासाहेबांनीही घेतलं आणि नोंदवही मांडीखाली ठेवून खाल्लं. अक्कांच्या मते त्याला बाफल्यांची सर नव्हती, पण त्यांनीही दोनदा घेतलं.

आणि पडदा वर गेला. पहिला अंक मला फार जड गेला, कारण आमच्या नाटकाला बोलणाऱ्या प्रेक्षकांची सवय नव्हती. माचाला लोक नटांशी बोलतात, तसं हे बोलत होते. कोणाला मराठी अडलं की तो ओरडून विचारायचा, आणि अक्का पहिल्या रांगेत उभ्या राहून मागे तोंड करून मालवीत सांगायच्या. पाच ओळी मी लिहिलेल्या असल्या तर अक्का त्या एका वाक्यात आटपायच्या, आणि जिथे मी डोळ्यांत पाणी यावं म्हणून लिहिलं होतं तिथे हशा पिकायचा. मी विंगेत नाटकाची वही धरून उभा होतो आणि मनातल्या मनात अक्कांना काय काय म्हणत होतो ते लिहिण्यासारखं नाही. पण घोरत कोणी नव्हतं. हे मात्र माझ्या लक्षात आलं.

तिसरा अंक. मांडव. अंतरपाट धरलेला, एका बाजूला जयू, दुसऱ्या बाजूला गोडबोले. भय्यासाहेब उठले, अंतरपाट हिसकला आणि आपल्या भरदार आवाजात गरजले की ठरलेला हुंडा मिळाल्याशिवाय हे लग्न होणार नाही, वरात परत चालली. अक्कांनी तेवढं भाषांतर केलं. मी वही उघडून जयूच्या स्वगतावर बोट ठेवलं.

गेंदालालजी जागेवरून उठले आणि पायऱ्या चढून स्टेजवर आले. नाटक आहे हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. माझ्या माफीनंतर बसा म्हणणारे तेच. पण ते मुलीकडून आले होते. पिवळे तांदूळ घेऊन आलेला माणूस मुलीचं लग्न मोडताना बसून कसा बघणार? त्यांनी भय्यासाहेबांसमोर उभं राहून डोक्यावरची केशरी पगडी उतरवली आणि त्यांच्या पायावर ठेवली.

मालव्यात याच्या पुढे काही मागणं नसतं. तीनशेचा हॉल आणि व्हरांडा, सगळे उभे राहिले. भय्यासाहेबांचं पुढचं वाक्य 'चला रे, घोडी वळवा' असं होतं. ते त्यांना आठवेना. मी विंगेतून तीनदा सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही. ते नुसते त्या पगडीकडे बघत होते. सात पिढ्यांत त्यांच्या घराण्यातल्या कोणाच्या पायावर इथल्या माणसानं आपणहून, आपला समजून, पगडी ठेवली नव्हती. भय्यासाहेब खाली वाकले. मिशा एका बाजूनं सुटल्या. पगडी उचलून त्यांनी गेंदालालजींच्या डोक्यावर ठेवली आणि शुद्ध मालवीत, जी त्यांना येते हे आम्हाला वीस वर्षांत कळलं नव्हतं, म्हणाले, "पगड़ी माथे मेलो, सेठजी. ब्याव होयगा." पगडी डोक्यावर राहू द्या, लग्न होईल.

पुढे काय झालं ते मी नीट पाहू शकलो नाही. बायकांनी गाणं सुरू केलं, आणि पदराच्या टोकाला बांधून ठेवलेले पिवळे तांदूळ स्टेजवर बरसायला लागले. गोडबोले तीन मुलांचे बाप, त्यांनी घाबरून हार खाली ठेवला, तर लोकांनी तो उचलून त्यांच्या हातात दिला. जयू हसत सुटली. माझी शोकांतिका संपली, दीड पान स्वगत वहीतच राहिलं, आणि मला राग यायला हवा होता. प्रयत्न करून पाहिला. आला नाही. मी विंगेत उभा राहून त्या नाटकावर तिसऱ्यांदा रडलो, आणि या वेळी ते मी लिहिलेलं नव्हतं.

आहेर परत करायला आम्हाला पंधरा दिवस लागले. कोणी घेईना. लग्न आम्ही बघितलं की, म्हणायचे.

मार्चच्या सुरुवातीला सक्सेनासाहेबांचा अहवाल आला. त्याची नक्कल माझ्याच विभागातून गेली, म्हणून मी ती स्वतःच्या हातानं लिहिली. उपस्थिती पाचशे सात. परंतु सदर जनसमुदाय पिवळे तांदूळ देऊन निमंत्रित केलेला असल्याने, तसेच कार्यक्रमाचा शेवट विवाहात झाल्याने, सदर कार्यक्रम सार्वजनिक नसून कौटुंबिक स्वरूपाचा होता. सबब हॉल देता येत नाही. खाली पेन्सिलीनं लहान अक्षरांत त्यांनी लिहिलं होतं की सेव फार छान होती.

दुसऱ्या दिवशी हॉलसमोर गव्हाच्या गाड्या लागल्या. मी मान खाली घालून गेंदालालजींच्या दुकानी गेलो. म्हटलं, तुम्ही एवढं केलंत, पण हॉल गेला. आता नाटक नाही.

गेंदालालजींना प्रश्नच कळला नाही. ते म्हणाले की गेला तर गेला, त्या हॉलमध्ये तसंही अर्धं गाव बाहेर उभं होतं. पुढच्या वर्षी चौकात मंच बांधू, माचाचाच मंच, बाबूजींचं नाटक तिथेच होईल. जागा मोकळी करायला चौकातल्या हातगाडीवाल्यांना आठ दिवस आधी सांगावं लागतं, तेव्हा मुहूर्त तेवढा वेळेवर कळवा. आणि शेवट आत्ताच ठरवू नका.

मी तसाच उठून भय्यासाहेबांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. ते बराच वेळ सुपारी कातरत बसले. त्यांच्या डोळ्यांपुढे तो चौक उभा राहिला असावा, हजार माणसांनी भरलेला. मग त्यांनी काळजीच्या स्वरात विचारलं, "विनायकराव, ते सगळं ठीक आहे. पण मग आपल्या लोकांनी बसायचं कुठं?"

मी म्हटलं, "लवकर यायचं, भय्यासाहेब."